कोरी यादी

“ग्रीक येतं का तुम्हाला?” आवटीमास्तरांनी विचारलं.

“नाही.”

“थोडंफार? अक्षरओळख वगैरे?”

“अजिबात नाही.”

“संस्कृत?”

“शाळेत होतं. नापास झालो होतो.”

“छान,” असं म्हणून मास्तरांनी वहीत माझं नाव लिहिलं. “उद्या दोन वाजता या.”

इतक्या गोष्टी येत नाहीत म्हणून नोकरी मिळालेला माणूस मिरजेत माझ्याशिवाय दुसरा नसेल. एक्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी सदतीस वर्षांचा होतो. ज्या छापखान्यात सोळा वर्षं जुळारी म्हणून खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले, तो उन्हाळ्यात बंद पडला. खिळे मोडीत गेले, खिळ्यांचे लाकडी खण कुणीतरी बंबात घालायला नेले. जुळाऱ्याला मात्र मोडीतही घेत नाहीत. लग्न झालं नव्हतं. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि थोरली बहीण कोल्हापुरात तिच्या संसारात होती. सतारमेकर गल्लीच्या मागं एका खोलीत मी राहायचो. खालच्या कारखान्यात दिवसभर तारा लावून बघत असत. एक सूर, पुन्हा तोच सूर, मग दुसरी सतार. अख्खं गाणं कुणी वाजवायचं नाही. सतार तयार झाली की पेटीत घालून परगावी रवाना व्हायची. माझ्या खोलीत दुसरा आवाज नव्हता.

ऑफिस एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं मनावर घेतलं होतं की जुन्या ग्रीक ग्रंथांमधलं जेवढं म्हणून शिल्लक आहे, तेवढं सगळं काँप्युटरात घालायचं. त्यातला एक तुकडा फिरत फिरत आमच्या मालकांकडे, मगदूमसाहेबांकडे, आला होता.

“एक शब्द टाकला,” मगदूमसाहेब टिचकी वाजवून सांगायचे, “की अडीच हजार वर्षांत त्यो कुणी, कुठं, किती वेळा वापरलाय, समदं समोर हजर! अख्खी लायब्ररी टेबलावर. आणि करतंय कोण? मिरजेची माणसं! सांगलीवाले बसलेत की बघत.”

सांगलीवाल्यांना याची काही कल्पना असेल असं मला वाटत नाही, पण आम्ही मान डोलवायचो.

काम कसं करायचं ते मास्तरांनी पहिल्याच दिवशी समजावलं. ते हायस्कुलातून गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि समजावण्याची त्यांची हौस अजून फिटली नव्हती.

“प्रत्येक पान दोन माणसं टाईप करणार. एक सकाळच्या पाळीत, सात ते एक. तो पहिला हात. दुसरा दुपारच्या पाळीत, दोन ते आठ. तो दुसरा हात. तुम्ही दुसरा हात. तुमचा पहिला हात कोण, ते फक्त मला ठाऊक. तुम्ही विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. का?”

“का?”

“बोललात तर चुका सारख्या व्हायला लागतील. मी रात्री... म्हणजे तुम्ही गेल्यावर, दोन्ही हातांची पानं काँप्युटरला एकमेकांवर ठेवायला सांगतो. जिथं फरक असेल तेवढाच तो छापतो. पान अमुक, ओळ तमुक, पहिल्या हातानं हे लिहिलं, दुसऱ्या हातानं ते. ती यादी. मग मी मूळ पुस्तक बघून खरं काय ते ठरवतो, खोट्यावर लाल पेन्सिल मारतो आणि यादीची एकेक प्रत दोघांना देतो, आपली चूक आपल्याला कळावी म्हणून.”

“आणि जिथं फरक नसेल?”

“तिथं काही छापत नाही. दोन्ही हात जुळले की ते खरं. तिथं हात लावायचा नाही. मीसुद्धा लावत नाही.”

ग्रीक न येणारी माणसं मुद्दाम का घेतली, तेही त्यांनी सांगितलं. भाषा येणारा माणूस कागदावर काय असायला हवं ते टाईप करतो. न येणारा जे आहे ते करतो. हे मला नवीन नव्हतं. खिळे जुळवताना आम्ही मजकूर वाचायचो नाही, अक्षरं उचलायचो. इथं कीबोर्ड इंग्रजीच होता, प्रत्येक ग्रीक अक्षराला एक इंग्रजी अक्षर ठरवून दिलेलं होतं, आणि अक्षरांच्या डोक्यावरच्या काड्या-आकड्यांना वेगळ्या खुणा होत्या. आठवड्याभरात बोटं सरावली.

आम्हा दोन हातांना मिळाला होता कुणा प्राचीन वैद्याचा जाडजूड ग्रंथ. सोळाशे बारा पानं. कशाबद्दल होता कुणास ठाऊक. दुपारच्या पाळीत आम्ही सहा जण होतो आणि सहाही जण खाली मान घालून टाईप करायचो. चहाला दहा मिनिटं. मग पुन्हा खाली मान. आठ वाजता जिना उतरायचा, खानावळीत जेवायचं, खोलीवर जायचं. पूर्ण दिवसात माझ्या तोंडून “एक चपाती कमी” याखेरीज काही निघालं नाही, असे दिवस मी मोजले आहेत.

जानेवारीतली गोष्ट. दोन वाजता गेलो, मास्तरांनी यादी दिली. नेहमीच्या सात-आठ चुका होत्या. आणि सगळ्यात शेवटी, दिवसाच्या शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीखाली, पहिल्या हाताच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: कंटाळा आला. दुसऱ्या हाताचा, म्हणजे माझा, रकाना रिकामा. मास्तरांनी त्यावर लाल पेन्सिल मारली होती.

मी हसलो. चांगला आवाज झाला असावा, कारण शेजारची मान वर आली.

कुणीतरी सकाळी वैतागून हे बडवलं होतं आणि पुसायचं विसरलं होतं. दिवसभर मी ते मनात घोळवत राहिलो. संध्याकाळी माझं शेवटचं पान संपलं तेव्हा शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं: मलाही. आणि पुसायचं विसरलो नाही, मुद्दाम ठेवलं.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत माझं ‘मलाही’ लाल रेघेखाली होतं. म्हणजे ते पहिल्या हातालाही मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: माफ करा, चुकून राहिलं होतं.

मी लिहिलं: राहू द्या, बरं वाटलं.

असं ते सुरू झालं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक अख्खा दिवस जायचा, रविवार आला तर दोन. पण मला कुठं घाई होती? सकाळी उठल्यापासून दोन वाजायची वाट बघावी असं काहीतरी आयुष्यात आलं होतं, एवढंच मला पुरत होतं.

‘तुम्हाला कळतं का यातलं काही?’ एकदा पहिल्या हातानं विचारलं.

‘नाही. तुम्हाला?’

‘नाही. पण एक शब्द फार येतो. ओळखीचा झालाय.’

‘कोणता?’

उत्तरादाखल तो शब्द आला. मी तो लगेच ओळखला. पानापानावर भेटणारा, मधोमध शेपटीवालं अक्षर असलेला. मलाही तो दिसला की बरं वाटायचं. ‘माझाही तोच,’ मी लिहिलं. त्याचा अर्थ आम्हाला दोघांनाही माहीत नव्हता.

फेब्रुवारीत एके दिवशी मी विचारलं, ‘घरी गेल्यावर काय करता?’

‘काही नाही. एकटी आहे.’

तोवर पहिला हात हा माझ्या लेखी नुसता हात होता. त्या दिवशी माझ्या एकवीस चुका झाल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी आले. यादी लांबलचक होती.

“कुरणे, काय हे?”

“डोळे दुखतायत, मास्तर.”

“असं होय. हल्ली तुमच्या पानाच्या शेवटी जरा जास्तच दुखतात.”

नियम मोडला की नोकरी गेली, हे मगदूमसाहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं. माझीच नाही, तिचीही गेली असती.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आवाज खाली आणला. “दुखू देत. पण पानाच्या शेवटीच दुखू देत. मध्ये नको. शेवटचं मला पुसता येतं. मधलं राहून गेलं तर जन्मभर राहील.”

एवढं बोलून ते निघून गेले. त्यानंतर आमच्या ओळींवर ते नेमानं लाल पेन्सिल मारत राहिले, आणि रेघ इतकी बारीक ओढायचे की खालचं अक्षर न् अक्षर वाचता यावं.

वर्ष गेलं. नाव मी विचारलं नाही. तिनंही नाही. एकदा मात्र मला राहवलं नाही. एक वाजता ऑफिससमोरच्या पानपट्टीवर जाऊन उभा राहिलो. सकाळच्या पाळीची माणसं जिना उतरली. त्यांत तीन बायका होत्या. एक उंच, हातात कापडी पिशवी. एक जाड भिंगाची, भरभर चालणारी. तिसरीनं रस्ता ओलांडायच्या आधी क्षणभर थांबून उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं दाबलं. ती असेल असं मला वाटलं. पण मनगट तर आम्हा सगळ्यांचंच दुखायचं. मी पान न घेताच परत फिरलो आणि पानवाल्यानं मागून काहीतरी शेरा मारला.

त्र्याण्णवच्या मार्चात ग्रंथ संपत आला. संपला की मास्तर जोड्या बदलणार होते, तसा रिवाजच होता. शेवटच्या आठवड्यात माझं जेवणावरचं लक्ष उडालं. बुधवारी धीर करून लिहिलं: ‘काम संपल्यावर भेटायचं का?’

गुरुवारी तिला ते दिसलं असणार. शुक्रवारी दोन वाजता माझ्या हातात यादी आली तेव्हा ती तिथंच, सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या वाचली. ‘रविवारी सकाळी दहा. गणेश तलावाच्या पायऱ्या. येणार असाल तर उद्या शेवटच्या पानाखाली ‘नक्की’ लिहा. माझं मन झालं तर मीही तेच लिहीन.’

उद्या म्हणजे तो आजचाच दिवस. म्हणजे सकाळी तिनं तिचं शेवटचं पान करून टाकलं होतं. तिनं ‘नक्की’ लिहिलं होतं की नव्हतं, ते त्याच खोलीतल्या कुठल्यातरी डिस्कवर होतं आणि मला ते उद्याखेरीज कळणार नव्हतं.

सोळाशे बारावं पान मी इतकं जपून टाईप केलं, जितकं आईचं मृत्युपत्रही केलं नसतं. शेवटची ओळ झाली. पावणेसात वाजले होते. एक ओळ खाली गेलो आणि लिहिलं: नक्की. एंटरवर बोट ठेवलं आणि वीज गेली.

आमच्या यंत्रांवर एंटर दाबलं की ओळ डिस्कवर जायची. न दाबता वीज गेली की ती ओळ गेली. पूर्वी दोनदा असं झालं होतं आणि दोन्ही वेळा माझी शेवटची ओळ गायब झाली होती. मी अंधारात एंटरवर बोट तसंच ठेवून बसलो. दाबलं होतं का? की नुसतं ठेवलं होतं? स्वतःच्या बोटाला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

मास्तर मेणबत्ती घेऊन आले. “कुरणे, पान झालं होतं ना?”

“झालं होतं.”

“शेवटची ओळ आत गेली?”

“ग्रंथाची गेली.”

“मग झालं तर. सुटलात. घरी जा, वीज आता लवकर येत नाही.”

“मास्तर, वीज आल्यावर एकदा उघडून बघितलं असतं...”

“बघायला काय उरलंय?”

मी जिना उतरलो.

शनिवारी दोनच्या आधीच जाऊन बसलो. मास्तर आत आले ते हसत. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हातातला कागद त्यांनी पेढा द्यावा तसा पुढं केला.

“कोरी! कुरणे, कोरी यादी! सोळा महिन्यांत एकदा नाही झालं असं. एक फरक नाही!”

कागदावर वर ग्रंथाचा क्रमांक होता, पानांचे आकडे होते आणि खाली पांढरं. मी तो उलटा करून बघितला. मागंही पांढरं.

माझी ओळ विजेबरोबर गेली, असं मी कालच धरून चाललो होतो. आता यादीही कोरी. तिनं ‘नक्की’ लिहिलं असतं तर तिच्या रकान्यात ते दिसलं असतं आणि माझा रकाना रिकामा असता. दिसत नव्हतं. म्हणजे तिचं मन झालं नव्हतं.

“काय हो? आनंद नाही झाला?” मास्तरांनी विचारलं.

“झाला की.”

“मग तोंड असं का?”

“मास्तर, माझ्या शेवटच्या पानाखाली...” मी सुरुवात केली आणि गिळून टाकली. काय विचारणार होतो? नियम मोडून मी काहीतरी लिहिलं होतं, ते राहिलंय का बघा, असं?

“शेवटच्या पानाचं काय? दोन्ही हात जुळलेत,” मास्तर माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. “आता काही बोलायचं नाही. उद्या रविवार. मजेत राहा.”

मास्तर खुशीत होते, कोरी यादी ही त्यांच्या दृष्टीनं मोठीच गोष्ट होती. मी कागदाची घडी करून खिशात टाकली.

रविवारी नेहमीपेक्षा लवकर उठलो. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. कशासाठी ते स्वतःला विचारलं नाही. साडेनऊ झाले. तलाव माझ्या खोलीपासून पंधरा मिनिटांवर. जाऊन बघायला काय हरकत होती? नुसतं पलीकडच्या काठानं चक्कर मारायची, कुणी नसलं तर परत यायचं. मी चपला घातल्या आणि उंबऱ्यात उभा राहिलो. बोलावणं नसताना जायचं कसं? आणि ती तिथं नसली की मग खात्रीच होणार. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. नकार कागदावर सोसवतो, रिकाम्या पायऱ्यांवर नाही सोसवत. मी चपला काढल्या आणि खाटेवर बसलो. खाली कुणीतरी एकच तार लावत होतं, लावत होतं, लावत होतं. दहा वाजले, अकरा वाजले. दुपारी जेवायलाही उतरलो नाही.

सोमवारी मास्तरांनी मला आत बोलावलं.

“काल कुठं होता, कुरणे?”

“खोलीवर.”

“सकाळी?”

“दिवसभर खोलीवरच होतो.”

“बरं नव्हतं का?”

“बरं होतं की. का?”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला. ते तलावाजवळच राहायचे, सकाळी तिकडं फिरायला जायचे, हे मला माहीत होतं.

“काही नाही. काल पायऱ्यांवर ऊन फार होतं,” ते म्हणाले. “माणसानं एक वाजेपर्यंत बसावं असं ऊन नव्हतं.”

“उन्हाळा लागला,” मी म्हणालो.

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग नव्या ग्रंथाची पानं माझ्यापुढं टाकली आणि म्हणाले, “या आता.”

त्यानंतर ते माझ्याशी कधी कामाबाहेरचा शब्द बोलले नाहीत. मी समजलो, नियम मोडल्याचा राग असेल, इतके दिवस सांभाळून घेतलं आणि आता काम संपलं म्हणून बाहेर निघाला असेल. महिन्याभरानं पुन्हा एकदा पानपट्टीवर उभा राहिलो. जिन्यावरून दोनच बायका उतरल्या. मनगट दाबणारी त्यांत नव्हती. नव्या जोडीदाराच्या यादीत चुकांखेरीज काही नसायचं. चार वर्षांनी मास्तर गेले, त्यानंतर ऑफिसही उठलं, आणि मी एका वकिलाकडे टायपिंग धरलं. लग्न झालं नाही. कुणी विचारलं तर जमलं नाही म्हणून सांगायचो, आणि ते खोटंही नव्हतं.

गेल्या वर्षी मोतीबिंदू काढायला कोल्हापूरला गेलो होतो. बहीण आता नाही, तिची मुलगी सुनेत्रा एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ऑपरेशननंतर आठवड्यानं म्हणाली, “मामा, घरात बसून कंटाळलात. चला माझ्याबरोबर.” साडेनऊला तिनं मला तिच्या टेबलाशी खुर्ची दिली.

“तुम्ही पूर्वी ग्रीक टाईप करायचात ना? आई सांगायची. ते सगळं आता कुणालाही बघता येतं, माहितीय? थांबा.” तिनं काँप्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. वर एक लांबट चौकोन होता. “इथं शब्द घाला. इंग्रजी अक्षरांत घातला तरी चालतो.”

तीस वर्षं झाली होती, पण बोटं काही विसरली नव्हती. मी तो शब्द घातला, शेपटीवाल्या अक्षराचा. पडदा भरून गेला. हजारो ठिकाणी.

“अर्थ काय गं याचा?”

तिनं कुठंतरी दाबलं. “नाडी. हाताची नाडी असते ना, वैद्य बघतात ती.”

“अस्सं,” मी म्हणालो. सोळा महिने आम्ही दोघं नाडीवरचा ग्रंथ टाईप करत होतो.

मग गंमत म्हणून घातलं: कंटाळा. काही सापडलं नाही. मलाही. काही नाही. एकटी. काही नाही. मास्तरांची लाल पेन्सिल पक्की होती, त्या माणसानं एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नव्हतं. मला त्यांचं कौतुक वाटलं. आता एकच राहिलं होतं, आणि ते तर डिस्कवर पोचलंच नव्हतं. तरी घातलं. नक्की.

एका ठिकाणी सापडलं.

नाडीचा ग्रंथ. अगदी शेवट. शेवटच्या ओळीखाली, आता ग्रीक अक्षरांच्या वेषात, एकटाच शब्द.

“हे काय आहे, मामा? अडीच हजार वर्षांत एकदाच आलाय हा शब्द,” सुनेत्रा हसून म्हणाली. “अर्थही देत नाही.”

माझ्या डोक्यात तेव्हा मास्तर शिकवत होते, फळ्यावर गणित मांडावं तसं, सावकाश. फक्त तिनं लिहिलं असतं, तर फरक म्हणून छापलं असतं आणि मास्तरांनी पुसलं असतं. फक्त मी लिहिलं असतं, तरी पुसलं असतं. दोघांनी लिहिलं नसतं, तर इथं काही नसतं. ते इथं राहिलं ते एकाच कारणानं राहू शकत होतं. मी एंटर दाबलं होतं. आणि सकाळी तिनंही दाबलं होतं.

म्हणून यादी कोरी होती. म्हणून मास्तर हसत आले होते.

तिलाही शनिवारी सकाळी तीच कोरी यादी मिळाली होती. तिची वीज गेली नव्हती. आपण काय लिहिलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. कोऱ्या कागदाचा अर्थ तिला लगेच लागला असणार: त्यांनीही लिहिलंय, ते येणार. आणि मग रविवारी दहा वाजता ती तलावाच्या पायऱ्यांवर येऊन बसली असणार. मी पंधरा मिनिटांवर, धुतलेला शर्ट घालून, खाटेवर. आणि ऊन फार होतं. माणसानं एक वाजेपर्यंत बसावं असं ऊन नव्हतं.

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“मामा, डोळ्याला पाणी येतंय तुमच्या. थेंब घालायची वेळ झाली का?”

“झाली असेल.”

तिनं पर्समधून बाटली काढली, माझी मान मागं केली, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. मग पडद्याकडे बघून म्हणाली, “चूकच आहे ना ही? टाईप करताना राहून गेलेली? इथं खाली चूक कळवायची सोय आहे. कळवू? ते काढून टाकतील.”

“नको.”

“अहो, पण चुकीचं आहे तर...”

“दोन्ही हात जुळलेत,” मी म्हणालो. “तिथं हात लावायचा नाही.”

तिला काही कळलं नसावं. तेवढ्यात कुणी पुस्तक बदलायला आलं आणि ती उठून गेली. पडद्यावर तो शब्द तसाच होता. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजत होते. मी एक वाजेपर्यंत तिथंच बसून राहिलो.